गालावरचा डाग आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबरचं कोवळं ऊन विश्रांतवाडीतल्या आमच्या गॅलरीत उतरलं, की चहाच्या वाफेबरोबर तापू लागलेल्या सतरंजीचाही ऊबदार गंध दरवळतो. त्या उन्हाला गाल देऊन बसणं हे माझ्या यजमानांचं आयुष्यभराचं सुख. वर्ण केतकी, डोळे घारे, आणि खडकीच्या कारखान्यातली सारी नोकरी उघड्या आवारात, तीही सायकलवरून जाऊन-येऊन केलेली. टोपी घाला म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "मी काय पुढारी आहे?"

त्या उन्हानं किती दिलं आणि किती गुपचूप नेलं, हे आपल्याला वेळेवर कुठे उमगतं! साठीनंतर यांच्या डाव्या गालावर एक तपकिरी डाग उमटला. वयाचं वांग असेल, असं म्हणून मी रोज संध्याकाळी सहाणेवर जायफळ उगाळून लावत राहिले. आणखीही एक गोष्ट केली, ती सांगताना आजही जीभ अडखळते. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँक मागो न मागो, अर्जाला ताजा फोटो जोडायचाच, हा यांचा शिरस्ता. आणि फोटो स्टुडिओतल्या शुभदाला मी दर वर्षी हळूच सांगायची, तेवढा डाग पुसून टाक गं. घरात मग निर्मळ गालाचेच फोटो जमत गेले.

गेल्या वर्षी मात्र संगणकापुढे बसलेली शुभदा थबकली. "काकू, राग मानू नका," ती म्हणाली, "पण पूर्वी हा डाग मी पटकन पुसायचे. आता त्याची कड कुठे संपते तेच कळत नाही, आणि मध्ये काळा रंगही आलाय. आधी डॉक्टरांना दाखवा." तिनं न पुसलेले जुने फोटो ओळीनं उघडले. वाटाण्याएवढा डाग रुपयाएवढा झाला होता! ज्या चेहऱ्याला रोज लेप लावला, तो मी पाहिलाच नव्हता का? स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून निरखलं, तपासायला तुकडा काढला. मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, वर्षानुवर्षांच्या उन्हानं जीर्ण झालेल्या कातडीत सावकाश पसरणारा. पण तो अजून अगदी वरच्या थरातच होता. "वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे यंदाचा दाखला देऊन टाकू ना?" त्या हसल्या, आणि मी पदरानं डोळे टिपले. भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट डाग कापून काढला. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे मागे काही उरलेलं नाही, असा अहवाल आला.

यंदा पुन्हा फोटो काढायला गेलो. गालावरून उतरलेला व्रण पाहून शुभदानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "राहू दे गं," मी म्हटलं, "आता मला तो नीट बघायचाय."

आज सकाळी गॅलरीत तेच ऊन आलं होतं. हे सावलीच्या कडेला, रुंद काठाची टोपी घालून बसले होते. टोपी काढून मी यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळ, नाक, मान, अगदी कानामागेही सावकाश निरखलं. "झाली का तपासणी?" असं हे कुरकुरले खरे, पण माझे हात बाजूला होईपर्यंत जागचे हलले नाहीत.