बटणाच्या जागी दांडा

अमरावतीला सरकारी फिरत्या दवाखान्याच्या जीपवर मी ड्रायव्हर लागलो, तेव्हा आमच्या घरी बुद्धाची तसबीर लागून चार-पाच वर्षं झाली होती. मूळ घर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. नोकरी लागली तशी बायकोला घेऊन मी अमरावतीला एक खोली केली.

जीप लढाईतली होती, लिलावातून आलेली. दिसायला चारचौघींसारखीच. पण इतर जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असतात, त्यांनी पुढची चाकं इंजिनाला जोडता येतात आणि गाडी जड, सावकाश चालीत घालता येते. चिखलात आणि घाटात त्या चालीचाच आधार. आमच्या जीपला हे दांडे नव्हतेच. कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपात कुणाला हौस आली असावी. त्यानं दांडे काढून खाली गिअरच्या पेटीवर विजेची एक छोटी मोटर बसवली होती आणि स्टिअरिंगजवळ एक काळं बटण. बटण दाबलं की पायाखाली घुर्र व्हायचं, मग खट् व्हायचं, आणि चारी चाकं जड चालीत जोडली जायची.

सुरुवातीला मला त्या बटणाची मोठी ऐट होती. परतवाड्याच्या स्टँडवर दुसरे ड्रायव्हर वाकून वाकून पाहायचे आणि मी त्यांना दाबून दाखवायचो.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण मेळघाटातल्या चिखलात साडी खोचून चालायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. एका पावसाळ्यात आम्ही वरच्या एका कोरकू वस्तीवर गेलो होतो. तिथं एक बाई आदल्या दिवसापासून अडलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मला म्हणाल्या, "इथे होणार नाही. हिला खाली परतवाड्याला न्यायला हवं." आम्ही तिला मागं गादीवर निजवलं. तिची सासू तिच्या उशाशी बसली, बाई पायाशी.

दुपारची वेळ होती. पाऊस थांबला होता, पण रस्ता निसरडा झाला होता. डाव्या अंगाला डोंगर, उजवीकडं दरी. उतार लागायच्या तोंडावर मी गाडी हळू केली आणि बटण दाबलं.

घुर्र झालं. खट् झालं नाही.

मी क्लच सोडला. इंजिन ओरडलं, पण गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मोटर अर्ध्यातच अडकली होती. पेटी ना या चालीत ना त्या चालीत, चाकं मोकळी, आणि गाडी आपल्या वजनानं उताराला लागलेली. ब्रेक दाबला. ओला ब्रेक जरा धरायचा, परत सुटायचा. हँडब्रेक ओढला, तो नुसता कण्हला. पुढं वळण होतं आणि वळणापलीकडं फक्त आभाळ दिसत होतं.

"काय झालं?" बाईंनी मागून विचारलं.

मी स्टिअरिंग डावीकडं पिळलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. दगडांवर पत्रा खरवडल्याचा आवाज झाला, डावं चाक नालीत उतरलं आणि जीप तिरपी होऊन थांबली. मागं कोणी पडलं नाही. सासू तेवढी मोठ्यानं काहीतरी तिच्या बोलीत म्हणाली.

मी खाली उतरलो. चाकांखाली दगड लावले. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून किती वेळात होईल?" मी म्हटलं, "सांगता येत नाही बाई." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तुमचं करा, मी माझं करते. ही आता थांबणार नाही."

मी पाना घेऊन जीपखाली शिरलो. चिखलात पाठ टेकून वर पाहिलं तर मोटर हाताशी होती. बोल्ट ढिले करायला घेतले आणि वरून त्या बाईची किंकाळी ऐकू आली. तिला कळ आली की सगळी जीप हलायची. माझ्या नाकावर वीतभर अंतरावर ते लोखंड पुढं सरकल्यासारखं व्हायचं, चाकाखालचा दगड करकरायचा, आणि मी डोळे मिटून घ्यायचो. कळ ओसरली की परत पाना लावायचो. एकदा दगड खरंच घसरला. तेवढ्यात दोन काळे, सुरकुतलेले पाय चाकापाशी आले. सासू खाली उतरली होती. तिनं दुसरा मोठा दगड लोटून चाकाला लावला आणि त्याला पाठ देऊन चिखलातच बसली. मला तिची बोली येत नव्हती, तिला माझी येत नव्हती. पण ती तिथं बसली म्हणून मी खाली राहू शकलो, नाही तर बाहेर पळालो असतो.

मोटर सुटली. तिच्या मागं पेटीतून एक सळई बाहेर आलेली होती. ती ओढली की चाल बदलत होती. मी तिला पान्यानं ठोकत ठोकत जागेवर आणली. खट् झालं. आणि त्याच वेळी वरून लहानग्याचं रडणं आलं.

मला वाटलं, सुटलो. पण बाईंचा आवाज आला, "रक्त थांबत नाहीये. लवकर निघा." सळई सोडली की परत सरकत होती. बादलीची कडी मोडून मी तिच्या तारेनं ती सळई चॅसीला आवळून बांधली, बाहेर येऊन सासूला मागं चढवलं आणि स्टिअरिंगला बसलो. मग गाडी तशीच मागं घेऊन नालीतून काढली आणि जड चालीत पूर्ण घाट उतरलो. एक कान इंजिनाकडं, दुसरा त्या तारेकडं. तार तुटल्याचा आवाज कसा येईल हे मला माहीत नव्हतं, त्यामुळं प्रत्येक आवाज तोच वाटायचा. परतवाड्याला बाईंनी तिला सांभाळून घेतलं. आई आणि मूल दोघंही वाचली.

त्यानंतर माझ्या अंगात भीती बसली. सकाळी जीपपाशी गेलं की तळवे ओले व्हायचे. घाटाचं नाव निघालं की जेवण उतरायचं नाही. बायकोच्या ते ध्यानात आलं. ती म्हणाली, "तुमी डब्बा तसाच परत आणून राहिले. काहून?"

"भेव वाटते," मी म्हटलं. एवढं बोलायला मला बरेच दिवस लागले होते.

ती हसली नाही. म्हणाली, "मंग ते बटन काढून टाका ना. तुमच्या दादाले दाखवा."

कचेरीतून उत्तर आलं होतं की नवीन मोटर मुंबईहून मागवावी लागेल, तोवर गाडी सपाटीवरच चालवावी. बाई वैतागल्या होत्या. "सपाटीवर दवाखाने आहेतच की. आपली गरज वर आहे." मी दादाचं बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "जबाबदारी माझी. करून आणा."

दादा, माझा थोरला भाऊ, अकोल्याला कापसाच्या एका जिनात फिटर होता. अंगानं आडवा, बोलायला तिखट. मी जीप घरापुढच्या बोळात उभी केली, तर त्यानं खाली डोकावून पाहिलं, मी काढलेली मोटर हातात घेतली आणि म्हणाला, "काय बे, या बह्याडानं चांगला दांडा काढून हे घुंगरू काहून बांधलं?"

सुटीच्या दिवशी आम्ही कामाला लागलो. जिनाच्या भंगारातून दादानं मालकाला विचारून एक जाड लोखंडी गज आणला होता. तो भट्टीत तापवून वाकवला, खालच्या टोकाला दुबेळकं करून सळईला जोडलं आणि मधे चॅसीवर त्याला एक खुंटी दिली. जीपच्या तळाला चीर पाडून दांडा वर काढला, चिखल येऊ नये म्हणून भोवती टायरचं रबर ठोकलं. दांडा मागं ओढला की खट्. पुढं लोटला की खट्. दादानं हात पुसले. "झालं. इतकंच तर होतं."

आम्ही मोर्णा नदीच्या पात्रात रेतीवर जीप घातली. दांडा ओढला. जीप दमदार चालली. मग एका खड्ड्यात चाक आदळलं आणि दांडा आपोआप पुढं उडाला. इंजिन ओरडलं, गाडी मोकळी झाली. सपाट रेती होती, काही होणार नव्हतं. पण तो ओरडा ऐकला आणि मी स्टिअरिंग डावीकडं पिळलं. तिथं डोंगर नव्हता, पाणी होतं. जीप गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली.

दादा माझ्याकडं पाहत राहिला. त्या दिवसापर्यंत मी त्याला घाटातलं सगळं सांगितलंच नव्हतं. तिथं पाण्यात बसून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू तार बांधली होती, म्हंजे सळई स्वतःहून थांबत नाही. मोटरच्या आट्यानंच तिले धरून ठेवलं होतं. मोटर गेली, धरनारं गेलं. हे मले आधी कळाले पायजे होतं."

पुन्हा सगळं उघडलं. दादानं सळईवर खाचा पाडल्या. पेटीला बाजूनं भोक पाडलं, त्यात जुन्या बेअरिंगमधली एक गोळी टाकली, गोळीवर कडक स्प्रिंग आणि वरून बोल्ट कसला. आता दांडा हलवायला जोर लागत होता. गोळी खाचेत बसली की हाताला कळायचं. रेतीत कितीही आदळलं तरी दांडा उडाला नाही.

"पन घाटात?" मी म्हटलं.

"घाटात पाहू. मी येतो."

त्यानं जिनातून रजा काढली आणि आम्ही मूर्तिजापूर, अमरावती करत परतवाड्याला आलो, वर चढलो. बाईंना सोबत यायचं होतं, मी नको म्हटलं. त्याच उताराच्या तोंडावर मी जीप थांबवली. ऊन होतं, रस्ता कोरडा होता. मी दांडा ओढला, गोळी बसल्याचं हाताला कळलं. पण क्लचवरचा पाय उचलेना. घामानं शर्ट पाठीला चिकटला.

दादा म्हणाला, "पाह्यजे तितका वेळ घे. कोनी मांगं लागलं नाही आपल्या."

बऱ्याच वेळानं क्लच सोडला. जीप कुरकुरत, धरून धरून उतरू लागली. माझा हात दांड्यावर घट्ट.

"हात काढ," दादा म्हणाला.

"काहून?"

"तू धरून ठेवला तर गोळीनं धरलं का तू धरलं, हे कसं समजन? काढ हात."

मी काढला. खरं सांगतो, जीपखाली चिखलात पडलो होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. दांडा एकटा उभा थरथरत होता. मी रस्त्याकडं पाहू की दांड्याकडं, कळेना. वळण आलं, दगडावर चाक आदळलं, दांड्याला झटका बसला आणि मी मोठ्यानं ओरडलो. दांडा जागेवरच होता. जीप त्याच चालीनं वळण घेऊन पलीकडं गेली.

खाली आल्यावर दादा उतरला, रस्त्याच्या कडेला गेला आणि भडाभडा ओकला. मी पाणी घेऊन धावलो. तोंड धुऊन तो म्हणाला, "मी बी भेलो होतो. तू तं नुस्ता चालवत होता. बनवलं मी होतं."

त्या आठवड्यात मी बाईंना वरच्या वस्त्यांवर घेऊन गेलो. जाताना डबा उघडून अर्धी भाकर खाल्ली. पुढं ती जीप बरीच वर्षं माझ्याकडं होती आणि दांडा एकदाही उडाला नाही. भीती मात्र पुरती गेली नाही. उतार लागला की माझा हात आपोआप दांड्याकडं जायचा, आणि बाई मागच्या सीटवरून बोलता बोलता गप्प व्हायच्या, गाडी खाली लागेपर्यंत.