आपल्याच घरची लाइट गेली

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढे हात जोडले तरी या जागेशी आले की मन दुसरीकडे वळवत आले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असाल? बालाघाट केवढंसं गाव. तरी सांगते. आता थांबले तर पुन्हा राहूनच जाईल.

उज्ज्वला माझी नणंद. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालायची. पुढे कॉम्प्युटरमध्ये एम.एस्सी. झाली. सासरे नव्हते. सासूबाई लकव्यानं खाटेवर. हे दिवसभर ऑफिसात. म्हणजे घरात खऱ्या अर्थानं आम्ही दोघीच — आईंना कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं. सकाळ माझी, दुपार आणि रात्र तिची. तिनं कधी कुरकुर केली नाही. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. पुढचं नीट कळावं म्हणून सांगतेय.

दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. तिच्या मामेभावानं नागपूरहून एक जुना लॅपटॉप पाठवला होता. बॅटरी मेलेली. भिंतीतली पिन काढली की त्याच क्षणी बंद. त्याच्यावर उज्ज्वला महिनोन्‌महिने काय करत बसते ते मला कळत नसे. एकदा विचारलं, विंडोज का नाही टाकत सगळ्यांसारखं?

"ते दुसऱ्यानं शिजवून वाढलेलं असते, वैनी," ती म्हणाली. "मी बनवते त्या सिस्टिमचा कोड खुला आहे. कोणीही वाचावा, बदलावा. मी धान्य निवडण्यापासून करून राह्यली."

सीडीवरून आणलेला कोड ती एकेक भाग करून त्या यंत्राकडून बांधून घ्यायची. एक भाग बांधायला कधी कधी अर्धा दिवस. आणि तेव्हा आमच्याकडे लाइटीचे काय हाल होते ते त्या काळातला माणूसच जाणे. पेपरात वेळापत्रक यायचं, कधी जाणार, कधी येणार. उज्ज्वला तेच वेळापत्रक भिंतीला लावून, लाइट असण्याच्या तासांत काम बसवायची. कितीदा तरी काळ्या पडद्यावर चूक लिहून यायची नि सगळं ठप्प. मग ती पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी तिनं हाक मारली. मी हात पुसत गेले. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकत होत्या, मग थांबल्या, आणि इंग्रजी अक्षरांत नाव आलं — वैनगंगा. तिनं आपल्या सिस्टिमला आमच्या नदीचं नाव दिलं होतं.

"पाहा वैनी, उठली! स्वतःच्या पायानं उठली!"

आईंच्या खाटेपाशी जाऊन तिनं त्यांनाही सांगितलं. आईंना काय कळलं असेल? पण त्या हसल्या. मीही हसले. पण मनातून मला आनंद झाला नाही. ते कुठं खोटं सांगू?

त्या आधीच मला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. लग्नाआधीपासूनची इच्छा. यांनी हो म्हटलं होतं, कारण दुपारी घरी उज्ज्वला असणार होती. आणि वैनगंगा उठली त्याच आठवड्यात नागपूरच्या एका लहान कंपनीचं तिला बोलावणं आलं — स्वतः बनवलेलं काही घेऊन या, आम्हाला चालवून दाखवा. तिला लागली नोकरी, तर आईंजवळ कोण? मी. माझं बी.एड.? कोणी म्हणालंही नसतं की सोड. ते आपोआपच सुटलं असतं.

हे कारण नाही. हे मी स्वतःला बरेचदा बजावते. कारण आणि केलेली गोष्ट यांच्यामध्ये एक जागा असते, आणि त्या जागेत मी एकटी उभी होते.

नागपूरला जायचं चार-पाच दिवसांवर आलेलं. ती त्यात आणखी एक सुधारणा करत होती. सगळ्या प्रोग्रामांच्या पायाखाली असतो तो भाग नवा चढवत होती. दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन सगळ्याची सीडी लिहून आणणार होती. घरी ती सोय नव्हती. तेवढ्यात आईंना खोकल्याची उबळ आली. औषधाची बाटली रिकामी. मी जाऊ शकले असते. मी म्हटलं, माझा भात आहे गॅसवर.

"मीच आणते," ती चप्पल घालत म्हणाली. "वैनी, त्याच्याकडे पाहाल. आत्ता लाइट जायचा टाइम नाही. पण पिनले कोणाचा धक्का नका लागू देऊ. या वेळी बंद पडलं तर सगळंच मोडते."

म्हणजे मला माहीत होतं. ऐकलंत ना? तिनं मला स्वतः सांगितलं होतं.

आईंची उबळ शांत झाली. त्यांचा डोळा लागला. मी त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ओळी सरकत होत्या. किती वेळ उभी होते सांगता येत नाही — भाताला वास लागला तेवढा वेळ. मग खाली वाकले आणि पिन ओढली.

पडदा काळा. लॅपटॉपमधल्या पंख्याची बारीक घरघर थांबली. एवढंच.

खरं सांगू? ते रागात झालं, मत्सरात झालं, हात आपसूक गेला, असं काहीही म्हणून मी एक वेळ स्वतःला समजावलं असतं. पण त्यानंतर जे केलं त्याला असलं कोणतंही नाव देता येत नाही. मी पिन परत लावली, मनात वाक्य जुळवलं — लाइट गेली होती — आणि तेवढ्यात बाहेरून पिठाच्या चक्कीचा आवाज कानावर आला. समोरच्या गल्लीतली चक्की धडधडत होती. औषधाच्या दुकानाहून येताना उज्ज्वला तिच्यावरूनच येणार. सगळ्या मोहल्ल्यात लाइट आणि आमच्याच घरात नाही?

व्हरांड्यात मीटरचा बोर्ड होता. स्टूल घेतलं, चढले, पदर हाताला गुंडाळून फ्यूज बाहेर काढला, त्यातली तार नखानं तोडली, आणि फ्यूज परत बसवला. भीती वाटत होती — शॉक लागेल याची नाही, ती लवकर येईल याची. स्टूल जागेवर ठेवलं. गॅस बंद केला. भात खाली लागला होता.

ती आली. मी दारातच म्हटलं, "उज्ज्वला, आपल्याच घरची लाइट गेली."

ती पळत आत गेली. मी तिच्या मागं गेले नाही. मग ती बाहेर आली, तेच स्टूल घेतलं, फ्यूज काढून पाहिला. "तार जळली वाटते," म्हणाली. नवी तार बांधली. खाली उतरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"घाबरल्या का एकट्या? तुमची काय चूक, वैनी. घरची वायरिंगच जुनी आहे."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्या क्षणी. नाही बोलले.

वैनगंगा उठली नाही. दोन ओळी यायच्या आणि थांबायच्या. संध्याकाळी हे आले, फ्यूजची गोष्ट ऐकली आणि तिच्यावरच चिडले. "दिवसभर मशीन चालवतेस, फ्यूज तर जाईलच. घराले आग लावशील एखाद्या दिवशी. आता बस झालं!" ती खाली मान घालून ऐकत होती. मी पोळ्या लाटत होते. एकही पोळी त्या दिवशी फुगली नाही असं म्हणावंसं वाटतं, पण सगळ्या नीट फुगल्या.

ती नागपूरला गेली तरी. तोंडी सगळं समजावलं म्हणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चालू होईल तेव्हा दाखवा. पुन्हा सगळं बांधायला लागणारे दिवस घरी यांनी तिला दिले नाहीत, आणि मी यांना एका शब्दानं म्हटलं नाही की द्या. लॅपटॉप मामेभावाकडे परत गेला. वर्षभरात तिरोडीचं स्थळ आलं. माणूस चांगला आहे, खाणीत नोकरीला. ती दोन मुलांत आणि घरात रमली — की रमली असं मीच ठरवलं? मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

लग्न होईपर्यंत आईंजवळ दुपारी तीच बसली. माझं बी.एड. झालं. लग्नानंतर दुपारपुरती एक बाई ठेवली. ती आधीही ठेवता आली असती. मी शिक्षिका झाले. पुढं शाळेत कॉम्प्युटर आले. दुसऱ्या बाई ते शिकवायच्या. त्या खोलीवरून जाताना मी पाय उचलून चालायची.

आई गेल्या तेव्हा उज्ज्वला तेरवीपर्यंत राहिली. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. ती अचानक म्हणाली,

"वैनी, तुमचं बी.एड. झालं न, तेव्हा मले लय बरं वाटलं होतं. वाटलं, दोघींतल्या एकीचं तरी झालं."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला माहीत असेल का, म्हणून मी नीट पाहिलं. काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "हौ." आणि तिच्या कपात उरलेला चहा ओतला.