बंद करण्याची शिस्त

आमच्या सूनबाई खोलीतून बाहेर पडल्या की मागे दिवा कधीही जळत राहत नाही. चिरंजीव गिझर चालू ठेवून वर्तमानपत्रात डोके घालतात. सूनबाई जाता जाता बटण दाबतात आणि चिरंजीवांची आंघोळ बिनबोभाट कोमट होते. हाच स्वभाव त्यांच्या नोकरीचाही पाया आहे.

त्यांची कंपनी स्वतःचे मोठे संगणक बाळगत नाही; दूरचे संगणक तासाच्या भाड्याने घेते. या व्यवस्थेस क्लाउड म्हणतात. वापरा अथवा वापरू नका, यंत्र चालू आहे तोवर भाडे चढतेच. ते इतके चढले की साहेबांनी सूनबाईंना निक्षून सांगितले: तिमाहीअखेर बिल एक तृतीयांशाने उतरवा, नाहीतर खर्च वाचवायला चाचणी विभाग बंद. त्या विभागात एकच गृहस्थ; सारे त्यांना दादा म्हणत. त्यांची निवृत्ती दूर होती आणि लेकीचे शिक्षण अर्ध्यावर.

गंमत अशी की कडाडून विरोध केला तो दादांनीच. सूनबाई माझ्या शेजारच्या खोलीतून काम करतात, त्यामुळे फोनच्या स्पीकरवरचे दोन्हीकडचे संभाषण आपसूक कानी पडे.

“मॅडम, थोरल्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!”

थोरले म्हणजे कंपनीचे सर्वांत मोठे यंत्र.

“पण दादा, ते करतं तरी काय?”

“ते कुणाला ठाऊक? ज्यानं बसवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला. पण चालू आहे म्हणजे काम करत असणारच की!”

“रविवारी आमच्या सोफ्यावरही एकजण दिवसभर चालू असतात, दादा.”

चिरंजीवांनी वर्तमानपत्र आणखी वर धरले.

सूनबाईंची रीत ठरलेली: आधी यंत्रावर नजर ठेवायची, मग ते झोपवायचे, म्हणजे तात्पुरते बंद करून भाडे थांबवायचे; मोडायचे मात्र नाही. ज्याला गरज असेल तो ओरडतोच. थोरले बहुतेक वेळ पेंगतच असते, हे पाहून त्यांनी ते झोपवले. दादा रोज विचारीत, “ओरडलं का कुणी?” आणि उत्तर ऐकून पुटपुटत, “ओरडतील.”

महिना उलटताच हिशेब विभाग ओरडला. पगाराच्या पावत्या निघेनात!

“सांगत होतो ना? आता दोघंही बसू घरी!” आता दादाही ओरडले.

“घरीच तर बसलेय मी,” असे म्हणत सूनबाईंनी थोरल्याला उठवले. त्यांच्या कपातला चहा निवण्यापूर्वी पावत्या निघू लागल्या. म्हणजे एका सकाळच्या कामासाठी हे यंत्र महिनाभर भाडे खात उभे होते! त्यांनी त्याला तेवढ्याच सकाळी आपोआप उठण्याची आणि काम संपताच झोपण्याची शिस्त लावून दिली.

बिल उतरले, पण साहेबांच्या आकड्यापर्यंत नाही. तेव्हा दादांचा फोन आला. आवाज पडलेला.

“मॅडम, माझीपण दोन-चार अवाढव्य यंत्रं आहेत. अडीअडचणीला असावीत म्हणून घेतलेली. बघता का?”

“दादा, इतके दिवस तुमचीच खुर्ची वाचवायला धडपडतेय मी. आणा इकडे.”

दोघांनी मिळून ती सोडून दिली आणि कामापुरती लहान यंत्रे भाड्याने घेतली. तिमाहीअखेर बिल साहेबांच्या आकड्याच्याही खाली आले आणि चाचणी विभागाचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही.

परवा शेजारच्या खोलीतून दादांचा खणखणीत आवाज ऐकू आला. नव्याने रुजू झालेल्या कुणाची तरी हजेरी घेत होते:

“अरे, चालू आहे म्हणजे काम करतंय, असं कुणी सांगितलं तुला?”