चिंचेवरची ससाणी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि मी नांदेडहून चाकूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. ते साल दुष्काळाचं. माझ्या घरमालकीणबाई किराणा दुकान चालवायच्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणे, मीही म्हणू लागले.

घरामागच्या चिंचेवर कावळ्याचं जुनं घरटं होतं. माघात त्यात ससाण्याची जोडी आली. मी वहीत नोंदी करायला लागले. पण दिवसभर मी शाळेत असायची. एकदा आक्का आपणहून म्हणाल्या, "बाई, तुमी शाळेत असता तवा मी बघत जाते की."

त्यांना लिहिता येत नव्हतं, पण संध्याकाळी त्या सांगत आणि मी लिहून घेई. नर किती वेळा आला, पारवा आणला की सरडा, मादी कधी उठली, सगळं त्यांच्या ध्यानात असे. मी पुढं पुस्तकाशी ताडून पाहिलं, एकही गोष्ट चुकीची निघाली नाही.

चारा संपला तशी माणसं शेळ्यांसाठी चिंचेच्या फांद्या तोडायला आली. आक्का दुकान उघडं टाकून झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"पलीकडच्या तोडा. ही फांदी ऱ्हाऊ द्या. वर बाळंतीण हाय."

माणसं हसली, पण त्यांनी ती फांदी सोडली.

ससाणी अंड्यांवर बसून महिना उलटला. पिल्लं निघायला हवी होती, निघाली नाहीत. चैत्राचं ऊन असं, की पत्र्याला हात लावता येईना. ससाणी पंख अर्धे पसरून, चोच उघडी टाकून अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. चाळीस दिवस झाले, पन्नास झाले. मला वर चढून बघायची घाई झाली होती.

"तिनं आशा सोडली न्हाई अजून," आक्का म्हणाल्या. "आपण कोण वर जाणारं?"

पंचावन्नाव्या दिवशी ती उडाली ती परतली नाही. आम्ही आठवडाभर वाट पाहिली. मग मी कळवल्यावरून लातूरचे एक प्राध्यापक वनखात्याची परवानगी घेऊन आले आणि तिन्ही अंडी उतरवून घेऊन गेले. पुढं त्यांचं पत्र आलं. दोन अंड्यांत जीव धरलाच नव्हता. तिसऱ्यात पिल्लू होतं, पण अर्ध्यातच गेलेलं. उन्हानं की फवारणीच्या औषधानं, ते सांगता येत नव्हतं.

मी दुकानात ते पत्र वाचून दाखवलं. आक्का तराजू हातात धरून ऐकत होत्या.

"म्हंजे तिची चूक न्हाई?"

"नाही, आक्का. तिनं काहीच कमी केलं नाही."

"ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर लिहून आलं, ते बरं झालं."

त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकासमोर त्यांनी मला ते पत्र वाचायला लावलं.