दद्दांच्या नावाचा पुतळा

अर्धपुतळ्यावरचं गुलाबी कापड सरकलं तेव्हा मी मंडपात बायकांच्या रांगेत बसले होते. कापडाखालून माझे आजोबा निघाले. तोच फेटा, तीच रुंद हनुवटी, कपाळावर तीच आडवी आठी. खाली काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत नाव मात्र त्यांच्या थोरल्या भावाचं होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, 'या भागातील चुनखडी उद्योगाचे जनक'.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप गेले म्हणून. मग पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. टोपी मांडीवर ठेवून ते पुतळ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

आमचं घराणं मूळचं कटनीकडचं. तिकडे घरोघरी चुनाभट्टीचं काम. दोघे भाऊ तिथून वणीकडे आले ते एका ठेकेदाराच्या हाताखाली, रस्त्याची गिट्टी फोडायला. कोळशाचा हा मुलूख. दगडी कोळसा जवळच मिळतो, आणि पायाखालचा पांढरट दगड चुन्याचा आहे, हे दोघांच्या लक्षात आलं. आधी लक्ष कुणाचं गेलं यावर आमच्या दोन्ही घरांत वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरातल्या गोष्टीत आजोबांचं, त्यांच्या घरातल्या गोष्टीत दद्दांचं. दद्दा म्हणजे थोरले. आजोबा भावाला दद्दा म्हणायचे, म्हणून पुढे सगळं गावच म्हणू लागलं. बाबा मात्र त्यांना मोठे बाबा म्हणतात, बापाचा थोरला भाऊ म्हणून.

दोघांनी पडीक माळावर खदान सुरू केली आणि तिच्या कडेला भट्टी बांधली. खाली कोळशाचा थर, वर दगडाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड. तोवर या बाजूला चुना बाहेरून यायचा. पुढे पांढरकवडा, घाटंजी, पार आदिलाबादपर्यंत घरं रंगवली गेली ती यांच्या चुन्यानं. आजोबा मोठ्या आवाजाचे, तापट, नटायची हौस असलेले होते. पहिली भट्टी लागली त्या वर्षी त्यांनी कुणाचा तरी फेटा मागून घेतला आणि वणीच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला. दद्दांनी जन्मात फोटो काढला नाही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, उडतो. तसाच एकदा उडाला आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यानंतर ते चारचौघांत मान वळवूनच बसत.

मला एवढंच माहीत होतं. चुना उडाला, डोळा गेला.

खदानीचा सरकारी पट्टा दद्दांच्या नावावर झाला. आजोबा धुळीनं खोकून खोकून लवकर गेले, तेव्हा बाबा शाळेतही जात नव्हते. आजीला भट्टीमागची पत्र्याची खोली मिळाली. दद्दांचा मुलगा नागपूरला शिकायला गेला, बाबा त्याच घरच्या ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर. म्हातारे होईपर्यंत त्यांनी चुना वाहिला. त्यांना कुणी ड्रायव्हर म्हणत नसे. 'घरचा माणूस' म्हणत. घरचा माणूस असल्यानं त्यांना दिवाळीतही गाडी घेऊन जावं लागे, आणि घरच्या माणसानं पंगतीत शेवटी बसायचं असतं.

मी शिकले, पुसदला शाळेत शिक्षिका झाले. दद्दांचा नातू आता नागपूरला राहतो. भट्ट्या बंद झाल्या, पण त्याचे खडी फोडायचे क्रशर आहेत, आणि गावाबाहेर वणी रस्त्यावर आजोबांच्या नावानं कॉलेज काढलंय. त्याच्या आजोबांच्या, म्हणजे दद्दांच्या. पुतळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तो आमच्या घरी आला. मी सुटीत तिथंच होते. आईनं चहा केला. त्यानं चहा पिता पिता भिंतीवरच्या फेट्यातल्या फोटोकडे पाहिलं.

"काका, तो फोटो चार दिवस देता का? दोघा भावाईची आठवण म्हणून कॉलेजात लावू. कॉपी काढून परत देतो."

बाबा उठले, खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि दिला. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, आजोबा कुठंतरी लागतील.

अनावरणानंतर कॉलेजच्या हॉलमध्ये जेवण होतं. आमच्या टेबलाशी दद्दांची मुलगी होती, माझी चुलत आत्या. तिला आता कमी दिसतं, म्हणून तिच्या सुनेनं तिला पुतळ्याच्या अगदी जवळ नेलं होतं. तिनं हात लावून पाहिला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हा तं काका हाय." तिचा काका म्हणजे माझे आजोबा. सुनेनं तिला हळूच बाजूला घेतलं होतं.

दद्दांचा नातू वाढायला आमच्या टेबलाशी आला तेव्हा मी विचारलं, "हा चेहरा कुणाचा आहे, तुला माहीत आहे ना?"

तो हातातला गुलाबजामचा डोंगा धरून उभाच राहिला. "ताई, माह्या आजोबाचा फोटो नाही ना एकही. मूर्तिकार म्हणे फोटो पाह्यजे. आणि एका डोळ्याचा पुतळा कसा बसवू? भाऊ-भाऊ, चेहरा सारखाच."

"मग नावही दोघांचं टाकायचं होतं."

"ट्रस्टमध्ये ठरते ते. मी एकटा थोडी ठरवतो." मग बाबांकडे बघून तो म्हणाला, "काका तं काही म्हणून नाही राह्यले."

बाबा पोळीचा तुकडा वरणात बुडवत होते. मी आणखी बोलणार होते. चांगलं मोठ्यानं बोलणार होते, सगळ्या हॉलला ऐकू जावं असं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "तुह्या आजोबानं माह्या बापाचा डोळा घेतला, हे तुले सांगतलं का कोणी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी होती.

"भांडण झालं होतं दोघाईचं. दद्दा वाकून पाहत होते, चुना झाला का म्हणून. ते म्हणत होते, थांब. काकानं रागानं घमेलंभर पाणी एकदम फेकलं. मी तिथंच होती, लहान होती. दद्दा तीन दिवस ओरडले. मग पट्टा करायची वेळ आली तं काका स्वतःच म्हणे, तुमच्याच नावानं करा, मले नोको." ती थांबली. "आता बोल तुले काय बोलाचं ते."

हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. दद्दांचा नातू डोंगा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.

परतीच्या ऑटोत मी बाबांना विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"माही आई सांगे."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुले काय कराचं होतं त्याचं?"

"आणि फोटो कशाला नेतात, तेही माहीत होतं?"

ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "अंदाज होता."

मी त्यांच्यावर चिडले. ऑटोवाल्यासमोरच चिडले. म्हटलं, एका डोळ्याच्या बदल्यात तुमचा बाप गेला, तुमची आई पत्र्याखाली भाजली, तुमचा जन्म स्टेअरिंगवर गेला, अजून काय द्यायचं राहिलं होतं? तो डोळा कुणी फोडला हे मला त्या दिवशी कळलं, म्हणून माझा राग कमी झाला असं नाही. आजोबांवरही थोडा गेला, एवढंच. त्यांनी आपला अपराध स्वतः फेडायचा तो पोराच्या गळ्यात घालून ठेवला, आणि दद्दांच्या घरानं त्याची फेड दोन पिढ्या मुकाट्यानं घेतली.

फोटो दिवाळीनंतर परत आला, शिपायाच्या हाती. जुनी फ्रेम नव्हती. लॅमिनेशन करून, सोनेरी किनार लावून दिला होता, आणि खाली छापलं होतं दद्दांचं नाव. आईनं नखानं खरवडून पाहिलं. प्लास्टिकच्या आत होतं ते, निघेना. बाबा म्हणाले, "राहू दे," आणि तसाच खिळ्याला अडकवला. आई त्या दिवशी जेवली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांना डोळ्याच्या तपासणीला वणीला नेलं. येताना म्हणाले, कॉलेजवरून चल. मी मुद्दाम विचारलं नाही, का म्हणून. फाटकाशी उतरलो. क्रशरच्या धुळीनं पुतळ्याचा फेटा पांढरा झाला होता. बाबांनी रुमाल काढला आणि कठड्यावर हात टेकून ते पुतळ्याचं तोंड पुसायला लागले. आधी गाल, मग नाक, मग दोन्ही डोळे. आपल्या बापाचा चेहरा त्यांना फोटोवरूनच ठाऊक होता. मी मागे उभी होते. वाटलं, आता तरी काही म्हणतील.

कॉलेजचा नवा वॉचमन आला. बाहेरचा, कोरपना भागातला असावा. त्यानं अदबीनं विचारलं, "बाबा, कोण होते हे तुमचे?"

बाबांनी रुमाल झटकला. खालच्या अक्षरांकडे पाहिलं.

"मोठे बाबा," ते म्हणाले. "आमचे मोठे बाबा."

वॉचमननं पुतळ्याला हात जोडले. बाबांनीही जोडले. बस यायला वेळ होता, म्हणून आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. त्यांनी काही बोलावं असं मला आता वाटत नव्हतं.