हाकेच्या अंतरावरचा नंबर

मी तापट आहे आणि हुशारही, असं माझ्या खात्यातले लोक म्हणतात. पहिलं माझ्या पाठीमागे, दुसरं काम अडलं की तोंडावर. दोन्ही खरं आहे. हैदराबादेतल्या एका आपत्ती नियंत्रण कक्षात माझी बरीच वर्षं गेली. तुंबलेले नाले, आगी, पडलेल्या भिंती, लिफ्टमध्ये अडकलेलं वऱ्हाड, सगळं आमच्याकडे येतं.

पूर्वी नाल्याला पाणी चढलं की आम्ही जीप पाठवायचो. जीपवर भोंगा आणि भोंग्यामागे एक घोगऱ्या आवाजाचा माणूस. तो तेलुगूत, उर्दूत आणि माझ्या हट्टापायी मोडक्यातोडक्या मराठीतही ओरडायचा, की सामान वर चढवा, घर सोडा. निवडणुकीच्या दिवसांत एका आजींनी त्याला "मत तुम्हालाच" असं सांगून खिडकी लावून घेतली होती. शिवाय जीप गल्लीत पोचेपर्यंत पाणी बहुतेक वेळा आधीच पोचलेलं असायचं.

म्हणून नवं धोरण आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. नाल्याकाठच्या प्रत्येक घराची नोंद करायची, घरटी एक मोबाइल नंबर घ्यायचा आणि पाणी खुणेच्या वर गेलं की फक्त त्या गल्लीला इशारा द्यायचा. सगळ्या शहराचे फोन एकदम किंचाळतात तो इशारा वेगळा, हा आमचा नेमका. फॉर्म मीच बनवला. एक पान, मोठी अक्षरं आणि मधोमध ठसठशीत रकाना: कुटुंबाचा मोबाइल नंबर. आणखी एक नियम मीच आणला. कक्षात कुणी स्वतःचा फोन आणायचा नाही, कारण ऐन पावसात निम्मे लोक घरच्या ग्रुपवर असायचे. बाहेर लॉकर बसवले. सगळे कुरकुरले. मी ऐकून घेतलं आणि कुलपं मागवली.

माझे वडील नारायणगुड्याच्या मागे, नाल्याच्या अंगाला, तळमजल्यावर एकटे राहतात. निवृत्त चित्रकला शिक्षक. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे नेलं, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. म्हणाले, तुझ्या सोसायटीत कुणी कुणाला विचारत नाही. त्यांचा फोन साधा, बटणांचा. मेसेज त्यांना उघडता येत नाहीत आणि ओटीपी या शब्दाचीच त्यांना धास्ती. एकदा कुणा भामट्याचा फोन आला, तर दोन दिवस ते जेवले नव्हते. तेव्हा मी फर्मान काढलं की कुणीही नंबर मागितला तर माझा द्यायचा. गॅस, बँक, वीज, दवाखाना, सगळीकडे माझा. आयुष्यात माझी एवढी एकच गोष्ट त्यांनी निमूट ऐकली.

गणपती उठून आठवडा झाला होता. सकाळपासून पाऊस लागला होता आणि दुपारी वरच्या तलावातून पाणी सोडल्याचा निरोप आला. नाल्यातलं पाणी खुणेच्या वर गेलं. मी गल्ल्या निवडल्या आणि इशारा सोडला. पडद्यावर प्रत्येक घराचा एक ठिपका असतो. इशारा पोचला की तो हिरवा होतो. बघता बघता वडिलांची अख्खी गल्ली हिरवी झाली. मी साहेबांना सांगितलं, "सगळे पोचले." आणि मी चहा मागवला. तो चहा मला अजून आठवतो, कारण तो मी अगदी चवीने प्यायले.

कप खाली ठेवते तोच कक्षाचा फोन वाजला. वडिलांच्या समोरच्या घरात, पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला बाजी. आवाज त्यांचाच.

"बाजी, कब से फोन मार रई मैं तुमना, उठातेच नई! फॉरम के कागद पो ये नंबर था, तो इसपो मारी. मास्टरसाब कू मैं ऊपर ले को आई. घर में घुटने तक पानी है."

मागून वडिलांचा आवाज आला, "तू परेशान नको होऊ माय. एक चप्पल तेवढी वाहून गेली."

"बाबा, इशारा दिला होता. तेव्हाच का नाही निघालात?"

"कुठला इशारा? मला तर काहीच नाही आला."

मी यादी उघडली. वडिलांचं नाव, घर नंबर, त्यापुढे मोबाइल नंबर. माझा. शेजारी हिरवा ठिपका. मी उठून बाहेर गेले, लॉकर उघडला आणि फोन काढला. आपांचे न घेतलेले कॉल होते आणि त्यांच्या वर मेसेज होता, मीच लिहिलेल्या शब्दांत: तुमच्या घरात पाणी शिरण्याचा धोका आहे, ताबडतोब वरच्या मजल्यावर जा. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

परत येऊन मी त्या गल्लीतले बाकीचे नंबर फिरवायला घेतले. पहिला पुण्यात लागला. "मी मीटिंगमध्ये आहे. मेसेज बघितला, वाटलं फसवणुकीचा असेल." दुसरा मुंबईत. तिसरा अमेरिकेत वाजत राहिला; तिथे माणसं झोपलेली. आपल्या लोकांची ही एक रीतच होऊन बसली आहे. नंबर विचारला की म्हातारा माणूस मुलाचा नंबर सांगतो, तोंडपाठ, आणि सांगताना थोडा ताठही होतो. आमच्या फॉर्मने कुटुंबाचा नंबर मागितला होता आणि कुटुंब म्हणजे मुलगा, असा त्यांचा सरळ हिशेब. आमचे इशारे चोख पोचले होते, फक्त ज्या घरात पाणी शिरत होतं तिथे नाही.

घोगऱ्या आवाजाच्या माणसाला आम्ही फायली लावायला बसवलं होतं. त्याला उठवून जीप काढायला लावली. पण जीप पोचली तेव्हा गल्ली रिकामी होती. आपांनी वडिलांना वर नेऊन बसवलं आणि मग छत्री घेऊन एकेक दार ठोठावलं होतं. त्या दिवशी तिथे कुणी दगावलं नाही हे अहवालात आमच्या खात्याच्या नावावर गेलं. मी इथे खरं ते लिहून ठेवते. ते काम आपांचं होतं.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा वडील शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर, आपांच्या नवऱ्याची लुंगी नेसून, खिचडी आणि चिंचेचा खट्टा खात होते. भीती वाटली की मी ओरडते, हे माझं जुनं आहे. त्यांना सुखरूप बघून तर मी जास्तच ओरडले. "फॉर्म भरताना डोकं कुठे होतं? घरी बसून असता तुम्ही, तुमचा स्वतःचा फोन आहे ना?"

त्यांनी घास संपवला. "तूच सांगितलं होतंस, तुझा द्यायचा म्हणून." मग म्हणाले, "तुझा नंबर चांगलाच हाय माय. पण तू इथं नसतीस."

आपांनी माझ्या हातात ताटली दिली, "पैले खा लेव बाजी, गुस्सा बाद में." मी खाल्लं. पण मला फार लाज वाटत होती. मी वडिलांची काळजी घेते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांच्या दारावरची प्रत्येक थाप मी माझ्याकडे वळवून घेतली होती आणि त्यांना बहिरं करून ठेवलं होतं.

लाज मला फार काळ पुरत नाही. पुढच्याच बैठकीत मी उभी राहिले. साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्रणा चुकलेली नाही. सगळे संदेश पोचले आहेत."

"साहेब, संदेश पोचले. माणसांना पोचले नाहीत."

मी दोन गोष्टी मागितल्या. फॉर्ममध्ये नवा रकाना हवा: हाकेच्या अंतरावरचा नंबर, म्हणजे धावत येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा. आणि नुसता मेसेज नको, फोन वाजायला हवा. उचलणाऱ्याने ऐकलं म्हणून एकचं बटण दाबलं तरच ठिपका हिरवा, नाहीतर पिवळा. पिवळ्या गल्लीत जीप जाईल. साहेबांनी विचारलं, शेजारी नात्यात कुठे बसतो? आणि शेजाऱ्यांचं भांडण असलं तर? मी म्हणाले, "भांडलेला शेजारीसुद्धा पाणी बघून आधी ओरडतो, मग आठवतं त्याला भांडण." सगळे हसले आणि ठराव झाला. सगळे फॉर्म नव्याने भरून घेण्याचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. फोनबंदी मात्र मी उठवली नाही. चूक तिथे नव्हती.

पहिला फॉर्म वडिलांचा भरला, त्यांच्या स्वतःच्या नंबरचा. शेजारच्या तीन घरांनी हाकेचा नंबर म्हणून वडिलांचाच दिला. ते वैतागले. "मला नक्को गुंतवू यात. वय काय माझं!" पण पुढच्या खेपेला मी गेले तर फोन ठेवायच्या फळीच्या वर ड्रॉइंगच्या कागदावर गल्लीचा नकाशा टांगलेला. तिन्ही घरं रंगवलेली. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाची कडी आतून अडकते, सगळं त्यांच्या सुबक अक्षरात. मला खूप आनंद झाला होता.

यंदा पुन्हा पाणी चढलं, भर दुपारी. मी इशारा सोडला. वडिलांच्या गल्लीतले ठिपके एकेक करून हिरवे झाले आणि दोन पिवळेच राहिले. त्यातला एक घर नंबर मला पाठ आहे, वडिलांचा. कक्षाच्या फोनवरून मी त्यांना लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. एवढं सगळं करून पुन्हा तेच, असं मनात आलं आणि मी जीप काढायला सांगणार, तेवढ्यात तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. धापा टाकत होते.

"बाबा, कुठे आहात?"

"आपांच्या जिन्यात. दोन घरं वर आली."

"मग एक का नाही दाबलंत? इथे माझा जीव जातोय!"

"ते एक मागून दाबतो. तू लाइन अडवू नकोस माय, कोपऱ्यावरच्या बाई अजून उचलेनात," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.