निळ्या ताडपत्रीची शंका

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे बाकीच्यांना हसताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.

आईकडून परत येत होते. साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला उतरले, डोळ्यांवर झोप. रिक्षात बसले, "कर्वेनगर" म्हटलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, आत कुठं?" मी म्हटलं, "पूल उतरला की मशिदीपाशी उजवीकडे. मग मासळी बाजाराच्या मागून, समुद्राकडे पाठ करून सरळ."

त्यानं रिक्षा बाजूला घेतली. "ताई, हे कुठं आलं?"

मी जागी झाले. खोटं काय बोलायचं? म्हटलं, "इंडोनेशियात."

तो शांतपणे म्हणाला, "मीटरनं नाही परवडणार. आधी म्हणालात ते कर्वेनगरच करू या?"

आमच्या ऑफिसात असे किस्से साठत जातात. आम्ही पुण्याची माणसं, दुकानातली पिशवीसुद्धा घडी घालून ठेवतो, किस्से कुठले टाकायला!

*

तर ऑफिस. कर्वेनगरात पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके. शहरांचे विकास आराखडे करायचं काम. मालक लिमये सर, राहायला नारायण पेठेत, बोलायलाही नारायण पेठेतच. गेली काही वर्षं आम्ही जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका शहराचे नकाशे करतोय. उपग्रहाचे फोटो आणि तिकडच्या सर्व्हेचे कागद येतात, आम्ही इथे बसून कुठे घरं, कुठे शेती, कुठे पाणी भरतं ते रंगवतो. आमच्यातलं कुणीही तिथे गेलेलं नाही. सर म्हणतात, "डॉक्टर काय स्वतः आजारी पडून औषध देतो?"

एकेकाळी या ऑफिसात डबे ठेवायला जागा नसायची. मग लॉकडाऊन आला, सगळे घरून काम करायला लागले आणि घरीच राहिले. आता सर, मी आणि अर्धा दिवस ड्रॉइंग करायला येणारा शिंदे. खुर्च्या मात्र सगळ्या आहेत.

एकदा कुरियरवाला दारातून डोकावला, रिकाम्या टेबलांची रांग बघितली आणि म्हणाला, "ऑफिस बंद झालं का?"

सरांनी सही करता करता सांगितलं, "चालू आहे. गर्दी नाही."

*

तिकडच्या नियोजन खात्यातल्या बाईंचं नाव वाती. त्यांच्याकडे बाईमाणसाला आदरानं 'इबू' म्हणतात, म्हणजे आई, आणि हाक मारताना नुसतं 'बू'. म्हणून त्या बू वाती आणि मी बू वंदना. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणून रोज सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या व्हिडिओ कॉल. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकींना नीट कळतं.

पहिल्याच कॉलला त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

मी सविस्तर सांगितलं. पोळी, काल रात्रीची फ्लॉवरची भाजी, भाजी जरा खारट झाली होती, म्हणून दही. सर शेजारून कुजबुजले, "अहो, ती त्यांची नमस्कार म्हणायची पद्धत आहे. मेनू कशाला वाचताय?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! दुसऱ्या दिवशी "जेवलात का?" आलं तेव्हा मी नुसतं "हो" म्हणून गप्प बसले.

बू वाती स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "काय जेवलात?"

तेव्हापासून मी रोज सांगते. आमचे अहो गेल्यापासून आणि लेक बंगळूरला नोकरीला लागल्यापासून मला हा प्रश्न दुसरं कुणी विचारत नाही. लेक अंगठा पाठवते. मीच तिला "जेवलीस का" विचारते, म्हणून अंगठा. तिची काही चूक नाही, मीही माझ्या आईला अंगठाच पाठवते.

एवढंच होतं, की आराखड्याच्या शेवटच्या ड्रॉइंगवर सही झाली की हे कॉल बंद. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला जरा जास्त.

*

आता माझ्या हुशारीचा किस्सा. एका गावठाणाच्या कडेला फोटोत फिकट पांढरे चौकोनच चौकोन दिसत होते. झाड नाही, छप्पर नाही, रस्ता नाही. मी त्या सगळ्याला करडा रंग दिला आणि लिहिलं, 'पडीक जमीन'.

सकाळच्या कॉलला बू वातींनी ते बघितलं. तशाच उठून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. परत आल्या त्या एक पुडी घेऊन. पुडी फोडली, आतून पापडासारखं काहीतरी काढलं, माइकजवळ तोंड आणलं आणि खाल्लं. आमच्या ऑफिसात नुसता कुर्रम कुर्रम आवाज.

मग म्हणाल्या, "ही तुमची पडीक जमीन."

ती अख्खी वस्ती माशाचे पापड करते. बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळत घालते. ते वाळवण म्हणजे माझे पांढरे चौकोन. आणि मी कोण? जिच्या आईनं उभा उन्हाळा गच्चीवर पापड-कुरडया घातल्या आणि जिला कावळे हाकलायला बसवलं, ती!

सर म्हणाले, "वरून बघितलं की असंच होतं. आता कावळे कुठून येतात तेही दाखवा."

*

त्या शहराचं मोठं दुखणं म्हणजे जमीन खचते. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून ती बसत चाललीय आणि भरती आली की समुद्र गल्लीत येतो. पाऊस नसतानाही. मला हे कागदावर माहीत होतं. पण सर्व्हेचे फोटो आले त्यात एक माणूस घराच्या छपराच्या कडेला टेकून उभा होता. कड त्याच्या खांद्याशी. मी बू वातींना कळवलं, की फोटोग्राफर फारच उंचावर उभा राहिलाय, फोटो पुन्हा काढून पाठवा.

"फोटोग्राफर रस्त्यावरच उभा आहे," त्या म्हणाल्या. "रस्ता दर काही वर्षांनी भर घालून वर घेतात. घर वर घेता येत नाही. मग लोक घरातली जमीन उचलतात. छप्पर तिथंच राहतं. माझा भाऊ उंच आहे. तो घरात आला की नमस्कार करत असल्यासारखा फिरतो."

मी विचारलं, "म्हणजे तुमचं घरही त्याच भागात?"

त्यांनी स्क्रीनवर बाण सरकवला. गल्लीच्या टोकाला, कालव्याला लागून, एका छपरावर निळा ठिपका. "ही ताडपत्री. छप्पर गळतं. पण दुरुस्त कशाला करायचं? ही गल्ली तुमच्याच नकाशात हलवायची वस्ती म्हणून आहे."

होती. तिच्याभोवतीची जांभळी रेघ मीच मारली होती. मी काहीतरी बोलायला गेले तर त्या म्हणाल्या, "रेघ बरोबर आहे, बू वंदना. माझ्याच खात्यानं दिलीय. आई म्हणते, समुद्रालाच हलवा. ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल."

कॉल संपल्यावर शिंदे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं उलटं हाय." शिंदेचं गाव नुकतंच महापालिकेत आलंय. शेतात आता त्यांचीच बिल्डिंग. "जमीन तिथंच हाय, आम्हीच वर वर चाललोय. वडील रोज सकाळी चौथ्या मजल्यावरनं खाली येत्यात आणि भाडेकरूंना दाखवत्यात, इथं गोठा होता, इथं विहीर होती."

"मग भाडेकरू काय म्हणतात?"

"म्हणत्यात, 'अंकल, बाइक काढू का?'"

*

मी त्या निळ्या ताडपत्रीच्या गल्लीतली घरं डोळे मिटून सांगू शकते. कुणी अंगणात झाड तोडलं, कुणी पत्रा बदलला, सगळं. आमच्या सोसायटीचं वेगळं आहे. परवा सोसायटीच्या मीटिंगला गेले. नवीन सेक्रेटरी, तरुण मुलगा, आयटीवाला. त्यानं विचारलं, "मॅम, तुम्ही कुठल्या फ्लॅटच्या?"

म्हटलं, "तिसरा मजला, जिन्याला लागून."

"ओह. रेंटवर?"

"नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच."

त्याला हायसं वाटलं. "मग बरोबर. जुने लोक ग्रुपवर नाहीत ना, त्यामुळे कळत नाही कोण आहे आणि कोण नाही."

*

मध्यंतरी तिकडची मंडळी पुणं बघायला येणार असं ठरलं. आपण वाढत्या शहराचं कसं निभावतो ते त्यांना पाहायचं होतं. बू वाती येणार होत्या. मी लेकीची खोली आवरली. हॉटेलचं बुकिंग झालेलं होतं, तरीही आवरली. नव्या चादरी आणल्या. फ्लॉवर आणला, मीठ बेतानं घालायचं असं ठरवलं.

आल्या नाहीत. ऐनवेळी त्यांच्या जागी त्यांचे मोठे साहेब आले. एकटेच. मोठ्या साहेबांना प्रवासाची आवड असते.

सर त्यांना स्वारगेटला घेऊन गेले. साहेब फुटपाथवर उभं राहून बराच वेळ वाहनं बघत होते. पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला, कुणी थांबलं नाही, लाल झाला, लोक रस्ता ओलांडायला लागले. साहेब समाधानानं म्हणाले, "आमच्याकडेही अगदी असंच आहे."

सर म्हणाले, "मग विमानाचा खर्च का केलात?"

साहेब खूप हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

जाताना त्यांनी माझ्या हातात एक खोकं दिलं, बू वातींनी पाठवलेलं. आत माशाचे पापड आणि वर चिठ्ठी: 'प्रवासात मोडले तर पडीक दाखवा.'

बहुतेक मोडले होते. मी लेकीच्या खोलीत बसून खाल्ले. नव्या चादरीवर चुरा पडला. म्हटलं, पडू दे. कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

*

मग शेवटचं ड्रॉइंग आलं.

ड्रॉइंग तयार होतं, फक्त शंका संपल्याचं एकदा कळवायचं होतं. शंका म्हणजे आम्हाला नकाशात न कळलेल्या गोष्टी. शंका संपल्या की सही. आणि माझ्या शंका काही संपेनात. हे देऊळ का शाळा? हा नाला का गटार? या झाडांच्या रांगेत एक झाड कमी का? बू वाती एकेकाचं उत्तर देत होत्या. शिंदे म्हणाला, "मॅडम, आता कुत्री मोजायची राहिलीत."

सरांनी काही दिवस चालवून घेतलं. मग एका सकाळी येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "वंदनाबाई, आपण ते शहर रंगवतोय. त्याच्याशी सोयरीक करायची नाहीये."

"एक-दोनच राहिल्यात, सर."

"आज संपवा. मी सही करून ठेवतो." आणि त्यांनी खरंच केली. चहा प्यायला खाली निघून गेले. जाताना दार ओढून घेतलं, एरवी कधी घेत नाहीत.

कॉल लागला.

"जेवलात का?"

"पोहे. तुम्ही?"

"भात. अंडं. शंका?"

मी नकाशा वर केला, खाली केला. मोठा केला, लहान केला. सगळ्या घरांना नावं होती, सगळ्या रस्त्यांना रंग. खरंच काही राहिलं नव्हतं. माझा बाण आपला फिरत फिरत गल्लीच्या टोकाला, कालव्यापाशी जाऊन थांबला.

"हे... हे निळं काय आहे, बू वाती?"

त्यांनी बाणाकडे बघितलं.

"ताडपत्री."

"अच्छा. ताडपत्री."

"माझ्या घरावरची. हे तुम्ही सोमवारीही विचारलं होतंत."

"हो का? विसरले असेन."

"काल पण."

माझा बाण तिथंच होता. तो हलवायचं मला सुचलं नाही.

बू वातींनी चष्मा काढला, डोक्यावरच्या पदरासारख्या रुमालाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि समोरची वही ओढली.

"उत्तर तेच आहे," त्या म्हणाल्या. "उद्याही तेच असेल. किती वाजता विचारणार आहात?"